काळ्या बोळातली हाक

६ जानेवारी

आत्या,

नमस्कार. हाताने लिहिते आहे, कारण टाईप केलेलं पत्र आलं की तू ते बँकेचं समजून न उघडताच ठेवून देतेस.

मला नोकरी लागली आहे आणि ती तुझ्याच कारखान्यात. फोटोच्या फिल्मचा धंदा बुडाल्यापासून ती इमारत रिकामी पडली होती. आता तिथे औद्योगिक संग्रहालय होणार आहे. उद्घाटन एक मार्चला. यंत्रं चालू स्थितीत आणणं, विजेची आणि इमारतीची सुरक्षितता पाहणं हे माझं काम. माझ्या हाताखाली एक वायरमन आहे आणि डोक्यावर संचालकसाहेब. साहेब इतिहासाचे. त्यांना गंजसुद्धा मूळचाच हवा असतो.

फिल्मवर रसायनाचा थर द्यायच्या कोटिंगच्या खोलीपासून कापणीच्या खोलीपर्यंतचा जो बोळ आहे, ज्याला तुम्ही काळा बोळ म्हणायचात, तो आम्ही लोकांना दाखवणार आहोत. म्हणजे दाखवणार नाही, त्यातून चालवणार आहोत. पूर्ण अंधारात, तुम्ही चालायचात तसं. पुढे चालायला साहेबांना जुने कामगार हवे आहेत. मी तुझं नाव सुचवलेलं नाही. ते त्यांना एका जुन्या फोटोच्या पाठीमागे सापडलं. तू यावंसच असा माझा आग्रह नाही. गुडघे कसे आहेत ते कळव.

काल दिवे घालवून मी एकटीच बोळात उभी राहिले. कुठून प्रकाश झिरपतो का ते तपासायचं होतं. कुठूनही झिरपत नाही. थोड्या वेळाने मला वाटलं की समोर, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, कोणीतरी उभं आहे. मी हात पुढे करून खात्री केली. कोणी नव्हतं. पण हात पुढे करायला जितका वेळ लागायला हवा, त्यापेक्षा जास्त लागला. अहवालात हे लिहिलेलं नाही.

तुम्ही दिवसच्या दिवस तिथे काय करायचात?

तुझी भाची


१५ जानेवारी

माझ्या शास्त्रज्ञ पोरी,

‘आग्रह नाही’ म्हणे! आमंत्रण द्यायची ही कुठली तऱ्हा? तुझा बापही असाच होता. जेवायला वाढताना विचारायचा, ‘नको ना?’ गुडघे जागच्या जागी आहेत. मी येणार. तुझ्या साहेबांना सांग, फोटोतली ती बारीक मुलगी येते आहे, फक्त आता बारीक नाही.

काय करायचो विचारतेस? काम करायचो आणि आवाज करायचो. आत जाताना तोंडाला पावडर नाही, हातात बांगडी नाही, चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ तर अजिबात नाही, तेवढ्या उजेडानेही फिल्म नासायची. उजवा हात भिंतीला. आणि प्रत्येकाचा आपापला आवाज. मी जिभेने टक-टक करायचे. एक जण बारीक शीळ घालायचा. एक जाडी बाई नुसती घुमायची, तिला आम्ही म्हैस म्हणायचो आणि तिला ते आवडायचं, काय सांगू. ज्याच्या हातात फिल्मचे डबे त्याने आवाज द्यायचा, ज्याचे हात रिकामे त्याने भिंतीला पाठ लावून वाट द्यायची. इतकी वर्षं, इतकी माणसं, पण एकाचं कपाळ दुसऱ्यावर आपटलं नाही.

आणि एक नियम लक्षात ठेव, तुझ्या त्या कार्यक्रमात सगळ्यांना सांग. आत कोणाला नावाने हाक मारायची नाही. गंमत म्हणून नाही, रागाने नाही. नाव फक्त धोक्याला. आपलं नाव ऐकलं की जिथे असू तिथे दगड व्हायचं. पाय उचललेला असेल तर उचललेलाच. हा नियम का झाला माहीत आहे? एक नवीन मुलगी कापणीच्या यंत्राजवळ चालली होती. तिच्या मैत्रिणीला काहीतरी चुकीचं ऐकू आलं, म्हणून ती ओरडली, ‘अगं ए, थांब!’ आता अंधारात ‘अगं ए’ म्हणजे कोण? सगळ्याच वळल्या. तीही वळली, आणि वळतानाच तिचा हात यंत्रात गेला. किंचाळली नाही ती. आम्हाला आधी वास आला.

असो. तुला आठवतं का, दिवे गेले की मी तुला घरभर अंधारात चालवायचे? तू घाबरायचीस, पण ओठ मिटून. रडण्याचा आवाज नाही, काही नाही. हात मात्र बर्फासारखा.

तुझी आत्या


२९ जानेवारी

आत्या,

तुझी नावाची गोष्ट मी साहेबांना सांगितली. ते इतके खूश झाले की मला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला. आता ती पाटीवर येणार आहे, हातासकट.

तू येणार असशील तर काय बदललं आहे ते तुला आधी माहीत असायला हवं. नीट वाच.

बोळ तसाच आहे. पण बोळाच्या टोकाला दारापलीकडे जी कापणीची खोली होती, ती आता नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी लिफ्ट बसवायची म्हणून तिथली जमीन तोडली आहे. लिफ्ट अजून आलेली नाही. आज तिथे नुसता खड्डा आहे, दोन मजले खोल, सरळ तळघरापर्यंत. तळाशी सिमेंटमधून वर आलेल्या सळया आहेत. दार मात्र तेच, जुनं, बोळाच्या बाजूने जाड लोकरीचा नमदा लावलेलं. साहेबांनी ते हलवू दिलं नाही. दाराच्या जरा अलीकडे डावी भिंत फोडून आम्ही नवी वाट काढली आहे. लोक डावीकडची दोरी धरून चालतील आणि त्या वाटेने बाहेर पडतील. म्हणजे तुमचा हात उजवीकडे होता, यांचा डावीकडे.

कॉलेजच्या मुलांना घेऊन चाचण्या घेतल्या. एकानेही दोरी सोडली नाही. एकदा वायरमनने मध्येच कुत्र्यासारखं भुंकून दाखवलं, तेव्हाही नाही. उलट दोरी इतकी घट्ट धरली की एक खुंटी उपटून आली. बाहेर पडायच्या वाटेच्या तोंडाला काळा पडदा आहे आणि पडद्याच्या आत, बोळाच्या भिंतीवर, आणीबाणीचं बटण. ते दाबलं की ट्यूब दोनदा फडफडतात आणि मग पेटतात. साहेबांना ते फडफडणंही मूळचंच हवं आहे. मी वेळ मोजला आणि ‘चालेल’ असा शेरा दिला.

एक विचारायचं होतं. तुझ्या पत्रातले उकार सगळे चपटे आहेत, खालून कापल्यासारखे. ओळी मात्र पट्टीने आखल्यासारख्या सरळ. हात थरथरतो का? डॉक्टरांना दाखव.

तुझी भाची


८ फेब्रुवारी

पोरी,

उकार मोजतेस माझे? मास्तरीण झाली असतीस तर मुलांनी शाळा सोडली असती. हात थरथरत नाही. टेबल डगमगतं, म्हणून कागदावर पट्टी धरून लिहिते, उकार पट्टीला आपटतात. आमचे चिरंजीव, तुझा दादा, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घालतो म्हणून वर्षभर सांगतो आहे.

भुंकणाऱ्या वायरमनची गंमत वाटली. त्याला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, मी आहे तोवर भुंकायचं नाही, मी चावते.

तुला खरं सांगू? मी रोज दुपारी पडल्या पडल्या तो बोळ चालते. डोळे मिटून. कोटिंगमधून बाहेर पडलं की उजवा हात भिंतीला. भिंत आधी गुळगुळीत, मग खरखरीत. मग कपाळावर गार वारा येतो, वरच्या जाळीतून. तो वारा मानेवर गेला की समजायचं दार आलं. दाराला हात लावायचा नाही. हात कुठे रिकामे असायचे? डाव्यात डबे, उजवा भिंतीला. चालता चालता खांदा द्यायचा, दार उघडायचं, त्याच पावलात आत. थांबलीस की मागचा तुझ्यावर आपटलाच. नवीन माणूस ओळखायचा कसा, तर तो दाराशी थांबतो.

माझा खांदा अजून तसाच आहे. परवा स्वयंपाकघराचं दार मी खांद्याने उघडलं आणि तुझ्या वहिनीच्या हातातला चहा सांडला. ती म्हणाली, ‘तुम्हाला हात दिलेत ना देवाने?’

मी मागून नाही हं चालणार. सगळ्यात पुढे.

तुझी आत्या


११ फेब्रुवारी

आत्या,

पत्र आज मिळालं आणि आजच उत्तर लिहिते आहे.

तू खड्ड्याबद्दल एक शब्दही लिहिलेला नाहीस. मी तुला सगळं सविस्तर कळवलं होतं आणि तू मला वारा मानेवर कसा येतो ते सांगतेस. तुझा हट्टी स्वभाव मला माहीत आहे. तू ऐकून न ऐकल्यासारखं करते आहेस असं मी समजते.

तुझं पत्र वाचून मी बोळात गेले आणि दिवे घालवून उजवा हात भिंतीला लावला. तू म्हणतेस तशीच भिंत आहे. वारा तसाच येतो. दाराजवळ पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या सगळ्या चाचण्या चुकीच्या माणसांवर झाल्या. अंधारात दाराला हात लागला तर प्रेक्षक हात मागे घेईल. अंधारात दाराला खांदा फक्त तुम्हीच देणार. जी चूक कोणीच करणार नाही असं मी लिहून दिलं, ती चूक ज्यांना बोळ पाठ आहे तेवढेच करतील. आणि त्यांनाच आम्ही पुढे चालवतो आहोत.

मी तिथे उभी होते आणि दाराच्या फटीतून ओल्या सिमेंटचा वास येत होता. माझा हात भिंतीवरून निघेना.

साहेबांना सांगितलं, दार विटांनी बंद करा. ते म्हणाले, ‘दार हाच तर पुरावा आहे.’ कंत्राटदार म्हणाला, लिफ्टवाल्यांचं सामान त्याच दारातून जातं. मी म्हटलं, मग बोळ बंद ठेवा. साहेब म्हणाले, ‘निमंत्रणं गेली आहेत, आणि काळा बोळ नसेल तर हे संग्रहालय नाही, गोदाम आहे. अहो, कोण उघडणार ते दार?’ मी म्हटलं, माझी आत्या. ते हसले.

शेवटी कडी आणि कुलूप बसवून घेतलं. किल्ली एक माझ्याकडे, एक लिफ्टवाल्यांकडे.

आता तू मला एकच वाक्य लिहून पाठव: दारापलीकडे खड्डा आहे, मी डावीकडे वळेन. एवढंच. ते आलं नाही तर मी तुझं नाव पुढे चालणाऱ्यांतून काढून टाकीन. रबरी तळव्याचे बूट घाल, नवी फरशी गुळगुळीत आहे.

तुझी भाची


२० फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र ऐकून— वाचून बरं वाटलं. माझी किती काळजी करतेस, आणि वर तोंड असं करतेस की जशी काही पोस्टातली बाईच. बुटांचं कळलं. रबरी तळव्याचेच आणले आहेत, दादाने. काळे. तुझ्या मनासारखं सगळं होईल, तू सांगितलंस तसंच करीन. आता काळजी पुरे.

तुमची गाडी आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना थेट कारखान्याच्या दारात आणून सोडणार आहे. शीळवाला येतो आहे म्हणे! म्हैस गेली, गेल्या वर्षी. शीळवाल्याला आता दात नाहीत, शीळ कशी घालतो ते बघायचंच आहे मला.

नावाची यादी वगैरे तुझं तू बघ. पण पुढे मीच. हे एवढं मला करू दे.

तुझी आत्या


२२ फेब्रुवारी

आत्या,

‘सांगितलंस तसंच करीन’ हे मी मागितलेलं वाक्य नाही.

काल फोन केला. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, तू झोपली आहेस. मी निरोप ठेवला: दार, खड्डा, डावीकडे. त्या म्हणाल्या, ‘सांगते.’ आज पुन्हा केला, तेव्हा तू आंघोळीला गेली होतीस.

तू वचन पाळणारी आहेस म्हणून तुझं नाव ठेवते आहे. हे तर्काला धरून नाही, मला माहीत आहे.

कुलूप मी रोज संध्याकाळी ओढून पाहते. रोज लागलेलं असतं. तरी घरी आल्यावर मला ते उघडं दिसतं.

तुझी भाची


२६ फेब्रुवारी

ताईंना,

हे पत्र मी आईंना न कळू देता लिहिते आहे. फोनवर बोलता आलं नसतं. फोन त्यांच्या खुर्चीजवळच आहे आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत.

आईंना दिसत नाही. गेल्या पावसाळ्यापासून कमी होत होतं, आता उजेड तेवढा कळतो. घराबाहेर कोणाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली. तुम्हाला तर मुळीच नाही. म्हणाल्या, ‘ती लगेच माझ्या खोलीला कठडे बसवायला येईल.’ पत्रं त्या स्वतःच लिहितात, पट्टी धरून. तुमची आली की मी वाचून दाखवते.

ताई, मी खड्डा वाचला नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा तुमच्या दादांपुढेच वाचत होते. खड्डा ऐकला असता तर त्यांनी आईंना पाठवलंच नसतं. आणि आई त्या बोळासाठी किती आतुर झाल्या आहेत ते तुम्ही पाहिलेलं नाही. महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून बसणारं माणूस पुन्हा टक-टक करत घरभर फिरायला लागलं. तेवढा भाग मी गाळला आणि भुंकण्याकडे गेले. मनाशी म्हटलं, नंतर एकटीने सांगीन. मग तुमचं दुसरं पत्र आलं, नुसतं खड्ड्याचंच. आता वाचलं तर पहिलं गाळल्याचं कळणार. मी काळजी वाचली आणि बूट वाचले. मधलं माझ्या मनाने जोडलं.

रोज ठरवते आज सांगते, आणि त्या विचारतात, ‘किती दिवस राहिले गं?’

मी त्यांच्याबरोबर येणार होते, पण धाकटीला ताप आहे. तुम्ही त्यांना पुढे चालू देऊ नका. काहीही कारण सांगा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

तुमची वहिनी


२ मार्च

वहिनी,

आत्या आज सकाळी, न्यायला आलेल्या दादांबरोबर आणि शीळवाल्याबरोबर, गाडीने निघाली, ती पोचली असेल. हे पत्र तिला वाचून दाखवा. एकही ओळ न गाळता. मी तुमच्यावर रागावले आहे. हे एकच वाक्य त्याबद्दल, पुढे काही नाही.

तुमचं पत्र काल सकाळी आलं. उद्घाटनाची गर्दी होती, मी ते खिशात ठेवलं. आत्याची गाडी उशिरा आली आणि साहेबांनी त्या सगळ्यांना परस्पर कोटिंगमध्ये नेलं. मला ती लांबून दिसली. शीळवाल्याच्या हाताला धरून चालत होती. मी मनात म्हटलं, गुडघे. मी बोळाच्या बाहेरच्या टोकाला, डाव्या वाटेच्या तोंडाशी उभी होते. वायरमनने दिवे घालवले तेव्हा मला तुमचं पत्र आठवलं आणि वाटेतल्या उजेडात ते उघडलं.

‘खड्डा वाचला नाही’ इथपर्यंत वाचलं. पुढचं नंतर वाचलं.

त्याच वेळी लिफ्टवाल्यांचा माणूस माझ्या मागून खांद्यावर शिडी घेऊन गेला. मी विचारलं, शिडी कुठून आणली? तो म्हणाला, ‘तिकडूनच, दारातून. कडी काढलेलीच आहे, कुलूप नुसतं अडकवून ठेवलंय ताई, लावतो आत्ता.’

मी पडदा बाजूला करून बोळात गेले. त्या अंधारात उभं राहिलं की काय होतं ते मी आत्याला एकदा लिहिलं होतं. या वेळी समोर कोणी उभं आहे असं वाटलं नाही. समोर खरोखरच माणसं होती, आणि ती चालत येत होती. पाहुण्यांची खुसखुस, कोणाचं तरी हसू, बोळक्या तोंडाची फुस्स करणारी शीळ, आणि सगळ्यांच्या पुढे टक-टक. मी बटण दाबलं. ट्यूब फडफडायला जो वेळ घेतात तो घ्यायला त्यांनी सुरुवात केली. तो वेळ मी मोजलेला आहे आणि त्याला ‘चालेल’ म्हटलेलं आहे.

टक-टक सरळ माझ्याकडे येत होती. मग ती आत्याच्या उजव्या हाताला सरकली. दोरीपासून लांब, भिंतीच्या अंगाला.

मी ओरडले, ‘आत्या!’

तिने काय केलं असेल? ती हसली. ‘आले गं, आले! उतावीळ नुसती!’ आणि चाल वाढवली. मी तिला बोलावते आहे असं तिला वाटलं. अंधारात लहान पोरीने ‘आत्या’ म्हणून हाक मारली की ती थांबत नाही, ती येते. आयुष्यभर तिने तेच केलं आहे.

मग नमद्यावर खांदा बसल्याचा आवाज आला. धप्प. आणि माझ्या तोंडावर गार हवा आली, ओल्या सिमेंटचा वास असलेली. दार उघडलं होतं.

तेव्हा मी तिला नावाने हाक मारली. नुसत्या नावाने. पुढे-मागे काही नाही.

वहिनी, आपल्याकडे आत्याचं नाव कोणी भाची तोंडाने घेत नाही. मी ते आजवर फक्त पाकिटावर लिहिलं आहे. मला माझा आवाज ओळखू आला नाही.

सगळं थांबलं. टक-टक थांबली. शीळ थांबली. मागचे सगळे म्हातारे जागच्या जागी दगड झाले, आणि ते थांबले म्हणून पाहुणेही. ट्यूब एकदा फडफडली. तेवढ्यात मला उघडं दार दिसलं. दुसऱ्यांदा फडफडली तेव्हा आत्या दिसली. डावा पाय उंबरठ्यावर. उजवा उचललेला, पुढे, हवेत. मग पूर्ण उजेड झाला, आणि ती तशीच होती. या वयात, एका पायावर, हलली नाही.

मी मागून तिच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला. ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, ‘कुठल्या बाजूला आहे?’

ट्यूब सगळ्या पेटलेल्या होत्या. ती थेट खड्ड्यात बघत होती.

मी म्हटलं, ‘समोर.’

तिने उचललेला पाय मागे घेतला आणि माझ्या पायावर ठेवला. मग दुसरा. लहानपणी मी तिच्या पायांवर उभी राहून चालायचे, तसं आम्ही दोघी मागे आलो.

साहेब दाराशी आले, खाली वाकून पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. आज सकाळपासून गवंडी दारामागे विटा लावतो आहे. त्याला साहेबांनी स्वतः बोलावलं. दार जागेवर राहील, उघडणार नाही. ट्यूब मी बदलून घेणार आहे. ‘चालेल’ हा शेरा मी खोडला आहे आणि खोडल्याची तारीख घातली आहे.

आत्याला विचारा, तिने मला का सांगितलं नाही.

तुमची नणंद


११ मार्च

पोरी,

हे पत्र तुझी वहिनी लिहिते आहे, मी सांगते आहे. उकार बघ, कसे लोंबताहेत. (ताई, आई म्हणतात तस्सं लिहिते आहे. शब्द गाळायचा नाही, असा हुकूम आहे.)

तिला रागावू नकोस. मी रागावून घेतलं आहे, भरपूर. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चहात साखर विसरली, तेव्हा बोलावंच लागलं.

का सांगितलं नाही विचारतेस. ऐक. उजेडात आता जो तो माझा दंड धरतो. जिन्यावर धरतो, रस्त्यात धरतो, परवा डॉक्टरकडे एका अनोळखी माणसाने न विचारता धरला आणि मला जायचं नव्हतं तिकडे नेऊन बसवलं. बरं चाललंय त्यांचं, मी काही म्हणत नाही. पण तुझं पत्र आलं, आणि मला वाटलं, जगात एक जागा अशी आहे जिथे सगळ्यांनाच दिसत नाही. तिथे मी पुढे चालेन आणि डोळेवाले माझ्या मागे येतील. कोणाला काही कळणार नाही. एकदाच. तुला सांगितलं असतं तर तू मला येऊ दिलं नसतंस. आता तू म्हणशील, बरोबरच केलं असतं. हो, बरोबरच.

येताना गाडीत शीळवाला म्हणाला, ‘तुझ्या भाचीला आपला नियम बरा ठाऊक.’ मी म्हटलं, मीच शिकवलाय, अंधारात हात धरून. तो म्हणाला, ‘मग तुझं तुलाच परत मिळालं.’ दात नाहीत, पण बोलतो बरा.

माझं नाव घेतलंस त्याचा राग नाही. माझी आई गेल्यावर ते कोणी उच्चारलंच नव्हतं. कोणाची आई, कोणाची आत्या, कोणाच्या सासूबाई. ते माझंच आहे हे माझ्या आधी पायाच्या लक्षात आलं, हे एक नवल.

विटा झाल्या की मला बोलव. तू म्हणशील त्या बाजूने चालेन. पण तू पुढे आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून. तुझा हात अजून तितकाच गार आहे का ते बघायचं आहे.

(आई म्हणतात इथे संपव. पण परवाचं सांगायचं राहिलं, म्हणून पुन्हा लिही म्हणतात.)

परवा सकाळी मी स्वयंपाकघरातून येत होते. मध्येच थांबले. कोणी हाक मारली नव्हती, घरात कोणी नव्हतंच. तरी थांबले, एक पाय वर. किती वेळ उभी होते कोण जाणे. मग अंगठा हळूच पुढे सरकवून चाचपून पाहिलं.

फरशीच होती. पण पुढचं पाऊल टाकायच्या आधी मी कान देऊन ऐकलं.

तुझी आत्या